संडे स्कूल शिकवायला सेमिनरी करायलाच हवी का?

रविवारची_ताई

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

मी पुण्यात आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) गेली ११ वर्षं संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, घेते. शिक्षण बी.कॉम., नोकरी हडपसरला अकाउंट्समध्ये. पटावर ३८ मुलं आहेत, येतात पंचवीस-तीस, शिकवणाऱ्या आम्ही तिघीजणी, आणि वर्ग म्हणजे चर्चच्या मागचा हॉल, मधे दोन कपाटं उभी करून भाग पाडलेले. मे महिन्यातलं व्हीबीएस (सुट्टीतलं बायबल शिबिर), नाताळची नाटिका, सुवर्णवचनं पाठ करून घेणं, सगळं आम्हीच बघतो. आता कमिटीनं ठरवलंय की मुलांच्या कामासाठी एक पगारी माणूस नेमायचा. खूप चांगली गोष्ट आहे, मीच दोन वर्षं मागे लागले होते. पण परवाच्या मिटिंगमध्ये एक ज्येष्ठ काका म्हणाले की माणूस सेमिनरीचाच हवा, म्हणजे पाळक (पास्टर) घडवणाऱ्या कॉलेजात शिकलेला, बी.डी. किंवा निदान बी.टीएच. अशी धर्मशास्त्राची पदवी घेतलेला, आणि आत्ता ज्या शिकवतायत त्यांनीही काही कोर्स केल्याशिवाय वर्ग घेऊ नये. मला रागच आला, खोटं कशाला बोलू, घरी येऊन तासभर नवऱ्याचं डोकं खाल्लं.

पण मग रात्री एक गोष्ट आठवली जी मी आजपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. मागच्या वर्षी लाजराचा धडा घेत होते, येशू त्याला कबरेतून हाक मारतो आणि तो बाहेर येतो, मुलांना फार आवडतो तो भाग, एकाला टॉयलेट पेपर गुंडाळून लाजर केलं होतं. आणि दुसरीतला एक मुलगा, ज्याचे पप्पा त्याआधी पाचच महिने झाले वारले होते, त्यानं शांतपणे विचारलं, "मग ताई, माझ्या पप्पांना का नाही उठवलं?" मी काय म्हणाले तर "देवाला तुझे पप्पा फार आवडले म्हणून त्यानं बोलावून घेतलं". तो म्हणाला, "मग मी देवाला आवडायला नको." आणि त्यानंतर तो तीन रविवार आलाच नाही.

म्हणून विचारतेय आणि मनापासून विचारतेय. मी सेमिनरीत शिकले असते तर त्या दिवशी वेगळं काही बोलले असते का? की हे शिकवून येतच नाही?

खडकी_स्टेशन

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी सेमिनरी केलीय, ३ वर्षांचं एम.डिव्ह., तीही धर्मशास्त्राचीच पदवी, सध्या एका मंडळीत सहाय्यक पाळक आहे, त्यामुळे आतून काय असतं ते सांगू शकतो.

मुलांना कसं शिकवायचं हे मला तिथे जवळजवळ कोणी शिकवलं नाही. ख्रिस्ती शिक्षण म्हणून एक विषय होता, त्यात मुलांचा भाग अगदी थोडा, बाकी हिब्रू, ग्रीक, जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, उपदेश कसा तयार करायचा. पहिल्यांदा संडे स्कूलमध्ये उभं केलं तेव्हा पाच मिनिटांत मुलं टेबलाखाली होती. तर डिग्रीचा माणूस आला की वर्ग आपोआप छान होईल असं कमिटीला वाटत असेल तर तसं नाहीये.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तिथेच मिळालं म्हणून लिहितोय. बायबलमधला योहान ११, म्हणजे लाजराचाच अध्याय, परत काढून बघा. त्या मुलानं जे विचारलं ना, तो प्रश्न त्याच अध्यायात तीन वेळा आहे. २१ व्या वचनात लाजराची बहीण मार्था म्हणते तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, ३२ मध्ये दुसरी बहीण मरीया तेच म्हणते, आणि ३७ मध्ये आलेले लोक म्हणतात, आंधळ्याचे डोळे उघडणाऱ्याला याचं मरण टाळता आलं नसतं का. येशू मार्थेलाही रागवत नाही आणि मरीयेलाही नाही. आणि ३५ मध्ये तो स्वतः रडतो. ३३ मध्ये ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यात नुसतं दुःख नाही, संतापाची छटा आहे, मरणावरचाच तो संताप असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. म्हणजे त्या पोराला एवढं सांगता आलं असतं की तुझाच प्रश्न मार्थेनंही विचारला होता आणि येशूला त्याचा राग आला नाही, उलट तो रडला. का उठवलं नाही हे मलाही माहीत नाही, पण "आवडले म्हणून नेलं" हे शास्त्रात (बायबलमध्ये) कुठेच नाही.

हे कळायला ३ वर्षं वसतिगृहात राहावं लागतं का? नाही. पण धडा घेण्याआधी कोणीतरी तुमच्यासोबत बसून तो अध्याय वाचायला हवा होता. तुमचे पाळकसाहेब आठवड्यातून एकदा तुम्हा तिघींसोबत बसतात का?

निवृत्त_गुरुजी

ताईंना सलाम. मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत, बहुतेक दौंड तालुक्यात, आता मुलाकडे वडगाव शेरीला. माझं मत स्पष्ट आहे, आधी मूल कळायला पाहिजे, मग शास्त्र. आमच्या चर्चमध्ये एक सेमिनरीचे भाऊ उन्हाळ्यात आले होते, फार सज्जन माणूस, त्यांनी सहा-सात वर्षांच्या मुलांना कृपा आणि नीतिमान ठरवणे यावर चाळीस मिनिटं सांगितलं, आणि शेवटी एका मुलीनं विचारलं की कृपा म्हणजे माझ्या वर्गातली कृपा का. त्या वयाला डोळ्यांसमोर दिसेल तेच कळतं, हरवलेलं मेंढरू कळतं, कृपा हा शब्द कळत नाही. हे आम्हाला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

दुसरं असं की ही संडे स्कूलची चळवळच मुळी पाळकांची नव्हती. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला १७८० मध्ये ज्यानं रविवारच्या शाळा काढल्या तो रॉबर्ट रेक्स वर्तमानपत्र काढणारा होता, तिथले एक पाळक त्याच्या मदतीला होते हे खरं, पण प्रत्यक्ष शिकवायला त्यानं साध्या बायका नेमल्या, दर रविवारी एक शिलिंग देऊन, कारण कारखान्यात राबणाऱ्या पोरांना आधी वाचायला शिकवायचं होतं. आणि आपल्याच जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी काय केलं बघा. बायबलचं भाषांतर त्यांनी मुद्दाम सोप्या मराठीत केलं, खेड्यातल्या बाईला वाचून कळावं म्हणून, आणि त्याची छपाई त्यांच्या मुक्ती मिशन या निराधार बायकांच्या संस्थेतल्याच मुलींनी, बायकांनी केली. रमाबाई १९२२ ला गेल्या आणि ते पूर्ण छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. शिकलेली बाई आणि न शिकलेल्या बायका एकत्र बसल्या म्हणून ते झालं.

सध्या माझी खरी काळजी भाषेची आहे. पुण्यातली आपली मुलं इंग्रजी शाळेत जातात, उपासना मराठीत, त्यांना शास्त्रातलं मराठी वाचता येत नाही, वचन पाठ करतात पण 'तारण' (पापातून सुटका) म्हणजे काय विचारलं तर बँकेचं सांगतात. यावर कोणती सेमिनरी काय करणार?

याकोब_तीन_एक

सगळ्यांचं म्हणणं मान्य नाही मला. माफ करा पण मुलांच्या बाबतीतच आपण हे चालवून घेतो. मोठ्यांना उपदेश करायला पाळक शिकलेला हवा, दीक्षा हवी, मुलाखती घेणार, आणि मुलांना काय, ज्याला वेळ आहे तो, कॉलेजची मुलगी मोकळी आहे, घे वर्ग. तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नका कारण आपला न्याय अधिक कडक होईल असं बायबलमध्ये याकोब म्हणतो, तिथे मुलांना सूट दिलेली नाही.

माझ्या मुलीला वर्गात सांगितलं होतं की विश्वासानं प्रार्थना केली की पहिला नंबर येतो. यूट्यूबवरून उचललेलं असणार. तिचा नंबर आला नाही तेव्हा तिनं मला विचारलं, माझा विश्वास कमी होता का? नऊ वर्षांची मुलगी! दुसऱ्या वर्गात त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) समजावताना बर्फ, पाणी, वाफ. हे सगळीकडे शिकवतात आणि हे चूक आहे, एकच देव तीन रूपं बदलतो असं म्हणणं चर्चनं तिसऱ्या शतकातच नाकारलं, तसं शिकवणाऱ्या सबेल्लियसचं नाव त्यालाच चिकटलंय. लहानपणी बसलेलं निघत नाही. मी ४३ वर्षांचा आहे, माझं अजून निघालेलं नाही.

आणि पुण्यात राहून सेमिनरी लांब आहे असं कोणी म्हणू नये. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९५३ ला यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ ला इकडे आली, माझे मामा यवतमाळच्या दिवसांतले. पगारी माणूस नेमताय ना, मग शिकलेला नेमा. काकांचं बरोबर आहे.

नगररोड_आई

मी कॅथलिक आहे, पण विषय आमच्याकडेही तोच म्हणून लिहिते. आमच्याकडे धर्मशिक्षण घेणाऱ्या बहुतेक आयाच असतात, मीही घेते, पहिल्या कम्युनियनची (पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेणारी) मुलं. आमच्या बाजूला पेपल सेमिनरी आहे, १८९३ ला श्रीलंकेत कँडीला सुरू झालेली, १९५५ ला पुण्यात आली, त्यामुळे ब्रदर लोकांची, म्हणजे तिथे फादर व्हायला शिकणाऱ्यांची, मदत मिळते. माझा अनुभव असा की एकटा ब्रदर असला की मुलं गप्प बसतात आणि एकटी मी असले की मुलं बोलतात पण मी अडकते, दोघं असलो की वर्ग खरा होतो.

एक उदाहरण सांगावंसं वाटतं. रोममध्ये १९५४ ला सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी मुलांचं धर्मशिक्षण सुरू केलं, चांगल्या मेंढपाळाच्या नावानं ते आज बऱ्याच देशांत चालतं. कावालेत्ती हिब्रू आणि बायबलच्या अभ्यासक, गोब्बी माँटेसरीच्या शिक्षिका. लाकडाचा छोटा मेंढपाळ, मेंढरं, कुंपण, मूल स्वतः हातानं हलवतं, बाई कमी बोलते. दोघींपैकी एक नसती तर ते उभं राहिलं असतं असं मला वाटत नाही. सगळं एकाच माणसात शोधायचं आणि त्याला दहा-बारा हजार द्यायचे, हे मला पटत नाही.

कोर्टातून_लिहितोय

इतकं सगळं झालं पण एका गोष्टीवर कोणी बोललंच नाही. डिग्री ठेवा बाजूला, ज्याला नेमणार असाल त्याची पोलीस पडताळणी आणि आधीच्या मंडळीत चौकशी केली का? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू. कलम १९ प्रमाणे अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक, आणि कलम २१ प्रमाणे न कळवणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. "आधी कमिटीत बोलू, मंडळीचं नाव खराब होईल" हे कायद्याला चालत नाही. संडे स्कूलच्या बाईला हे माहीत हवं, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर हॉलच्या भिंतीवर हवा, कोणत्याही मोठ्या माणसानं एकट्या मुलाला बंद खोलीत घेऊन बसायचं नाही, आणि टॉयलेटला छोट्यांना नेताना दोघी हव्यात. एका शनिवारच्या ट्रेनिंगमध्ये होतं हे. सक्ती करायचीच असेल तर आधी याची करा.

रविवारची_ताई

सगळ्यांचे खूप आभार, ऑफिसमध्ये बसून वाचत होते, योहान ११ वाला भाग वाचून वॉशरूममध्ये जाऊन रडून आले.

खडकीवाले भाऊ, नाही, ११ वर्षांत पाळकसाहेब आमच्यासोबत एकदाही धडा घेऊन बसले नाहीत, आणि आम्हीही कधी मागितलं नाही. पुस्तक येतं, आम्ही शनिवारी रात्री उघडतो. कमिटीला मी आता हेच लिहून देणार आहे की माणूस सेमिनरीचा घ्या, माझा विरोध नाही, पण त्यानं वर्ग आमच्याकडून काढून घेऊ नये, दर गुरुवारी आम्हाला दीड तास द्यावा, तो अध्याय आमच्याबरोबर वाचावा आणि आम्ही त्याला मुलांशी कसं बोलायचं ते दाखवू. पॉक्सोचं ट्रेनिंग सगळ्यांना, पाळकसाहेबांसकट. हॉलच्या मधली ती कपाटंही हलवायला सांगणार आहे, त्यांच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

तो मुलगा नंतर परत यायला लागला, आता तिसरीत आहे. त्याच्या मम्मीला विचारून त्याच्याशी बोलणार आहे, ताईनं तेव्हा चुकीचं सांगितलं होतं म्हणून.

आणि याकोबवाले भाऊ, बर्फ-पाणी-वाफ मी याच वर्षी शिकवलंय, बर्फाची ट्रे घरून नेली होती. आता त्याच्या जागी सात-आठ वर्षांच्या मुलांना काय सांगू?

याकोब_तीन_एक

ताई, उदाहरण देऊच नका, गोष्ट सांगा. बायबलमधला मत्तय ३, यार्देन नदी, येशूचा बाप्तिस्मा. पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा खाली उतरतोय, आणि पिता आकाशातून बोलतोय की हा माझा प्रिय पुत्र. तिघं एकाच वेळी तिथे आहेत, कोणी कोणात बदलत नाही. मुलांना चित्र काढू द्या. आकाशवाणी कशी काढायची असं ती विचारतील, तेव्हा त्यांनाच ठरवू द्या.

गुरुवारी मी मोकळा असतो, चालणार असेल तर मागे बसून ऐकेन.