मदत हवी आहे: सर्व्हरवरचं ज्युपिटर घरच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पावसाच्या नोंदींचा मोठा डेटा कॉलेजच्या सर्व्हरवर आहे. माझ्या लॅपटॉपची रॅम 4 जीबी, त्यामुळे ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायचं साधन) सर्व्हरवरच चालवते. एसएसएचने (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) लॅपटॉपचा 8888 पोर्ट सर्व्हरच्या 8888 ला जोडायचा (हाच टनेल) आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच मशीनचा पत्ता, उघडायचं. महिनाभर हे छान चाललं.

गेल्या आठवड्यापासून लॉगिन नोडवर, म्हणजे लॉगिन केल्यावर आधी जिथे पोचतो त्या मशीनवर, नोटबुक चालवायला मनाई झाली (योग्यच आहे, तिथे सगळ्यांची गर्दी असते). आता स्लर्ममध्ये (कामं रांगेत लावून मशीन वाटून देणारी प्रणाली) जॉब टाकून कॉम्प्युट नोड, म्हणजे प्रत्यक्ष काम चालवायचं मशीन, घ्यावा लागतो. नोटबुक तिथे सुरू होतं, लॉगमध्ये टोकनसकट (पासवर्डसारखा कोड) पत्ताही दिसतो. पण तो ब्राउझरमध्ये टाकला की काहीच उघडत नाही आणि टर्मिनलवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' अशी ओळ येते.

मला वाटतं, टनेल लॉगिन नोडपाशीच संपतोय. मग कमांडमध्ये लोकलहोस्टच्या जागी कॉम्प्युट नोडचं नाव द्यायचं, की प्रॉक्सीजंप (मधल्या मशीनमधून पुढे जायची एसएसएचची सोय) वापरून थेट त्या नोडपर्यंत जायचं? पहिल्या प्रकारात ज्युपिटर इतर मशीनसाठीही उघडं ठेवावं लागेल, त्याची धास्ती वाटते. कुणी असं केलं असेल तर नेमकी कमांड सांगाल का? दहा दिवसांवर सबमिशन आहे.