39 टक्के मते आणि 184 जागा : कॅनडातील मतदारांनी मागितलेला बदल अडतो कुठे?

उत्तरकाठ (धागालेखक)

जून 2024 मध्ये टोरांटो–सेंट पॉल्स मतदारसंघात पोटनिवडणूक झाली, तेव्हा मतपत्रिकेवर 84 नावे होती आणि तिची लांबी जवळजवळ मीटरभर होती. मी तिथलाच मतदार असल्यामुळे पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती उलगडून नेमके नाव शोधण्याची आणि घडीवर घडी घालून ती पेटीत सारण्याची कसरत मीही केली. निकाल लागायला दुसऱ्या दिवसाची पहाट झाली. यातले बहुतेक उमेदवार निवडून येण्यासाठी उभेच नव्हते. निवडणुकीचे नियम ठरवण्याचे काम राजकारण्यांच्या हातून काढून नागरिकांच्या सभेकडे द्यावे, या मागणीसाठी ‘लाँगेस्ट बॅलट कमिटी’ने त्यांना उभे केले होते. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये अल्बर्टातल्या बॅटल रिव्हर–क्रोफूटमध्ये 214 उमेदवार झाले, तेव्हा नावे छापण्याचा नाद सोडून मतदाराने स्वतःच नाव लिहावे अशी कोरी मतपत्रिका द्यावी लागली.

प्रकार थोडा पोरकट आहे, हे मान्य. तक्रार मात्र तशी नाही. आपल्या लोकसभेप्रमाणेच इथेही मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो, आणि त्यामुळे 2015 मध्ये लिबरल पक्षाला 39.5 टक्के मतांवर 338 पैकी 184 जागा मिळाल्या. 2019 आणि 2021 मध्ये तर काँझर्व्हेटिव्ह पक्षाला देशभरात अधिक मते पडूनही अधिक जागा लिबरलांनाच मिळाल्या. जुन्या पद्धतीने होणारी 2015 ची निवडणूक शेवटची असेल, असे लिबरल नेते जस्टिन ट्रुडो यांनी प्रचारात सांगितले होते. संसदेच्या सर्वपक्षीय समितीने डिसेंबर 2016 मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, शिफारस केली आणि फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने विषयच गुंडाळला. ज्या शिडीने वर गेले, ती बदलायला कोण तयार होणार?

जुना नियम (प्रतिसादक)

ट्रुडो यांनी शब्द फिरवला, यावर दुमत नाही. परंतु त्यावरून नागरिकांना बदल हवा होता आणि पुढाऱ्यांनी तो हिरावला, असे चित्र रंगवणे बरोबर नाही. ओंटारियो प्रांतात 2007 मध्ये लोकांनाच विचारले गेले, तेव्हा सुमारे 37 टक्के लोक बदलाच्या बाजूने होते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2018 मध्ये 61 टक्क्यांहून अधिक लोकांनी जुनीच पद्धत निवडली.

शिवाय आपला प्रतिनिधी कोण, हे मतदाराला ठाऊक असणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पुण्यात चार-चार नगरसेवकांचे प्रभाग झाल्यापासून गटार तुंबले तर कोणाचे दार वाजवायचे, हे आमच्या सोसायटीत कोणालाच सांगता येत नाही, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुतसारखा एकच मतदारसंघ क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा असताना तिथे तुम्ही कसले प्रमाण साधणार?

पसंतीक्रम (प्रतिसादक)

पुण्याचे उदाहरण इथे गैरलागू आहे. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती होतात आणि प्रत्येकीत सर्वाधिक मतांचाच उमेदवार जिंकतो, त्यामुळे 40 टक्के मतांचा पक्ष चारही जागा नेऊ शकतो. ही प्रमाणशीर पद्धत नव्हेच. तिच्याशी नाते शोधायचे तर आमदार विधान परिषदेवर सदस्य पाठवतात ती निवडणूक पाहावी : 1, 2, 3 असा पसंतीक्रम, निवडून येण्यासाठी लागणाऱ्या मतांचा ठरलेला कोटा आणि कोट्यावरची मते पुढच्या पसंतीकडे.

ब्रिटिश कोलंबियाच्या नागरिक सभेने 2004 मध्ये नेमकी हीच पद्धत सुचवली होती. प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष चिठ्ठ्या टाकून निवडलेले हे सामान्य लोक जवळजवळ वर्षभर अभ्यास करत होते, आणि त्यांच्यातल्या 146 जणांनी बाजूने व केवळ 7 जणांनी विरोधात मत दिले. 2005 च्या जनमत कौलात या प्रस्तावाला 57.7 टक्के मते मिळाली आणि 79 पैकी 77 मतदारसंघांत बहुमतही मिळाले, तरी तो पडला, कारण सरकारने 60 टक्क्यांची अट घातली होती. हेच सरकार 2001 मध्ये 57.6 टक्के मतांवर सत्तेत आले होते आणि तेवढ्यावर त्याला 79 पैकी 77 जागा मिळाल्या होत्या.

जुना नियम

हे मला खरोखर माहीत नव्हते आणि ते खटकणारे आहे. तरीही 2009 मध्ये त्याच प्रांतात तोच प्रस्ताव पुन्हा मांडला गेला, तेव्हा पाठिंबा 39 टक्क्यांवर आला, याचे काय? दुसरे म्हणजे लहान पक्षांच्या हाती दोऱ्या जातात. न्यूझीलंडमध्ये 2017 साली 44 टक्के मतांचा पक्ष विरोधात बसला आणि जेमतेम 7 टक्क्यांच्या पक्षाने पंतप्रधान कोण हे ठरवले.

उत्तरकाठ

त्या 7 टक्क्यांनी ज्यांना साथ दिली, त्यांच्याकडे 37 टक्के होते आणि ग्रीन पक्षाच्या पाठिंब्यासह बेरीज निम्म्यावर जात होती. इथे 33 टक्क्यांवर कोणाच्याही साथीची बेरीज न दाखवता पंतप्रधान होता येते. लहान पक्षांचे म्हणाल, तर आजची पद्धत त्यांना रोखत नाही, फक्त एका भागात गोळा झालेल्यांना बक्षीस देते. 1993 मध्ये ब्लॉक क्वेबेक्वाला 13.5 टक्के मतांवर 54 जागा मिळून तो क्वेबेक वेगळा करू पाहणारा पक्ष अधिकृत विरोधी पक्ष झाला, आणि 16 टक्के मते मिळवणाऱ्या तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला दोन जागा आल्या.

याहून मोठे नुकसान कॅनडाच्या पश्चिमेकडील प्रांतांत झाले. 2019 मध्ये सस्कॅचवनच्या 14 पैकी 14 जागा काँझर्व्हेटिव्हांनी 64 टक्के मतांवर घेतल्या आणि अल्बर्टात सुमारे 14 टक्के मते असूनही लिबरलांचा एकही खासदार आला नाही. त्यामुळे दोन्ही प्रांतांना मंत्रिमंडळात पाठवायला सत्ताधारी पक्षाचा खासदारच उरला नाही, आणि ‘ओटावाला (राजधानीतल्या सरकारला) आपली पर्वा नाही’ ही तिथली जुनी भावना आणखी घट्ट झाली. नुनावुतची एक जागा एकच राहील. अडचण तिथली नाही.

जुना नियम

न्यूझीलंडने 1993 मध्ये साध्या बहुमतावर, 53.9 टक्क्यांनी, पद्धत बदलली आणि 2011 मध्ये लोकांना पुन्हा विचारले. काही निवडणुकांनंतर असा फेरविचार सक्तीचा केला, तर 60 टक्क्यांची अट मीही धरणार नाही. पण उमेदवारांच्या याद्या पक्षाच्या कार्यालयात ठरणार असतील, तर माझा विरोध कायम आहे.

पसंतीक्रम

विधान परिषदेसारख्या पसंतीक्रमात पक्षाची यादी मतदारावर लादली जात नाही. कोणाच्या नावापुढे 1 लिहायचा आणि कोणाची जागा कोरी सोडायची, हे तुम्हीच ठरवता.