'भागू' कुणाची? चंद्रभागेची की भागीरथीची?

प्रश्न : आजीचं नाव सातबाऱ्यावर 'भागूबाई' आणि जुन्या रेशनकार्डावर 'चंद्रभागा'. वारसनोंदीच्या वेळी दोघी एकच कशावरून, असं विचारलं गेलं. ते प्रतिज्ञापत्रावर निभावलं, पण घरातला वाद मिटेना. आत्या म्हणते, भागू म्हणजे भागीरथीच. आणि चंद्रभागा म्हणजे चंद्राचा नेमका कुठला भाग?

उत्तर : भागू दोघींचीही. सोलापुरात आमच्या वाड्यात एक भागीरथी माडीवर आणि एक चंद्रभागा तळमजल्यावर राहायची. हाक मारली की दोघी ओ द्यायच्या, म्हणून 'वरची भागू' आणि 'खालची भागू' असं पडलं. चंद्रभागेला चंद्रा, चंदा, भागा असंही म्हणत, पण बोलण्यात बहुधा चंद्र गळतो आणि भाग उरतो.

अर्थाचं मात्र जरा गमतीचं आहे. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे ती चंद्रभागा. तेवढ्यापुरतीच! पुढे हीच नदी टाकळीला येते, तिथून सोलापूरच्या नळाला पाणी येतं, पण तिथे तिला कुणी चंद्रभागा म्हणत नाही. संतांच्या तोंडी ती भिवरा. म्हणजे भीमाबाई, भिवराबाई, चंद्रभागाबाई या तिन्ही एकाच नदीच्या लेकी.

दुसरी चंद्रभागा हिमाचलात आहे. तिथे चंद्रा आणि भागा या दोन वेगळ्या नद्या तांदी गावाजवळ मिळतात आणि पुढे चिनाब होते. तिथला अर्थ कोरीचा नाही, दोन नावांच्या जोडीचा. नावांच्या पुस्तकात 'चंद्रभागा : एक नदी' एवढंच छापून मोकळे होतात, ते मला पटत नाही. आपल्याकडच्या आजीचं नाव पंढरीवरूनच आलेलं. एकनाथांनी पंढरीला माहेर म्हटलं, तेव्हा विठ्ठल-रखुमाई आईबाप, पुंडलीक भाऊ आणि चंद्रभागा बहीण ठरली. मग लेकीला ते नाव ठेवायला आणखी काय कारण हवं?

गंमत म्हणजे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असं सांगितलंय. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, चंद्रभागा यांनी भरलेल्या आपल्या घरांनी ते कधी मनावर घेतलेलं दिसत नाही. आता मात्र ही नावं पणज्यांकडेच उरली. माझ्या भाचीच्या वर्गात एकही चंद्रभागा नाही. चार अक्षरं हल्ली कुणाला झेपत नाहीत.

आणखी एक : आमच्या कानडी गल्लीत भागम्मा पुष्कळ. ती यातली धरू नका. ती भीमेकाठच्याच घत्तरगीच्या देवीची, भाग्यवंतीची. नदी तीच, नाव वेगळं.

आणखी एक : आजीचं लग्नात नाव बदललं होतं का, ते बघा की ओ. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचे, आणि माहेरचं नाव माहेरीच राहायचं.

प्रश्नकर्ता : हे डोक्यातच आलं नव्हतं. सातबारा आजीच्या वडिलांच्या जमिनीचा आहे, तिकडे सगळे तिला भागूच म्हणत. रेशनकार्ड सासरचं, आणि सासर पंढरपूर तालुक्यातलं. आत्याला फोन लावतो.