जोडीदाराचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा : सीमेवरचे तुमचे अनुभव

आंबेहळद :
काल शेजारची मुलगी विचारायला आली, "काकू, आम्ही दोघं गोरखपूरवरून नेपाळला चाललोय, कागद काय काय घेऊ?" तिचा नवरा डच, माझा जर्मन. तिच्याशी बोलता बोलता सोनौली आठवली, तिकडचा नेपाळच्या सीमेवरचा नाका.

तिथे १९५० च्या करारामुळे भारतीय आणि नेपाळी माणसं बिनव्हिसा ये-जा करतात. बायका भाजीची पिशवी घेऊन सहज पलीकडे जातात. मीही मतदार कार्डावर गेले असते. नवऱ्याला मात्र आधी आपल्या बाजूच्या इमिग्रेशनचा शिक्का हवा, मग पलीकडे बेलहियाला नेपाळचा व्हिसा, ३० दिवसांचे ५० डॉलर. आपली कचेरी बाजाराच्या रस्त्यावरच, दुकानांच्या रांगेत. लक्ष नसेल तर माणूस तिच्यासमोरून चालत सरळ नेपाळात पोहोचतो. नवरा आत गेला, मी सामान धरून बाहेर. एक रिक्षावाला सारखा म्हणत होता, "मॅडम चलिए, आपको कौन रोकेगा!" मला कुणी अडवणार नव्हतं, आणि नेमकं त्याचंच इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले.

तेव्हा ई-व्हिसावर जमिनीवरच्या नाक्यातून भारतात शिरता येत नसे, म्हणून परतीचं काठमांडू-दिल्ली विमान आधीच काढलं होतं. तुमचे अनुभव लिहा, तिला वाचायला देईन.

वाड्यावरची :
आमचं उलटं. मी परदेशी माणसाशी लग्न केलंच नाही, लग्नानंतर तो परदेशी झाला! दोघं सालसेतचे, एकाच वाड्यावर वाढलो. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्याने आजोबांच्या नोंदीवरून घेतलं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे इथला पासपोर्ट परत केला. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.
आता दाबोळीला उतरलो की मी भारतीय, तो ओसीआय कार्डवाला (परदेशी नागरिक असूनही भारतात बिनव्हिसा येता येतं ते कार्ड). पॅरिसला जाताना मात्र त्याच्यामुळे मला व्हिसाची फी पडली नाही. युरोपीय नागरिकाची बायको त्याच्याबरोबर त्याच्या स्वतःच्या देशाऐवजी दुसऱ्या सदस्य देशात जात असेल तर व्हिसा फुकट असतो, २००४ चा नियम आहे. एजंट पैसे मागत होता, मी नियम छापून समोर ठेवला. आणि तिथे उतरल्यावर युरोपवाल्यांच्या रांगेत त्याच्याबरोबर उभं राहता येतं, तो आपला हक्क आहे. बायांनो, वेगळ्या रांगेत जाऊ नका.

तिखटमीठ :
शाब्बास वाड्यावरची! छापून समोर ठेवला हे फार आवडलं.

रानजाई२ :
भूतान. बायको जपानी. जयगावहून फुंत्शोलिंगला शिरलो. तिथल्या सरकारची पर्यटक फी माझी रात्रीला १२०० रुपये, तिची १०० डॉलर. एकच खोली, एकच पांघरूण. ती म्हणाली, एवढे पैसे मोजलेत तर मी रात्रभर जागून भूतान बघणार. आणि खरंच पहाटे चारला उठवून पारोत फिरवलं मला. सविस्तर नंतर, मुलाला क्लासला सोडायचंय.

पोळपाट :
वेरूळच्या तिकिटालाही तेच, आपल्याला ४० रुपये आणि परदेशी जावयाला ६००. ओसीआय आल्यापासून तोही ४० मध्ये. बाकी कैलास लेणं बघून तो जो गप्प झाला तो पार संभाजीनगर येईपर्यंत. मग भरीत-भाकरी खाऊन बोलायला लागला. (धागा सीमेचा आहे, माहितीये 😄)

निळीशाई :
ओसीआय लग्न झाल्या झाल्या मिळतं का? भावाचं लग्न डिसेंबरमध्ये झालं, वहिनी ब्राझीलची.

पोळपाट :
नाही गं, नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात, मग अर्ज.

खाडीकाठ :
लिहू की नको असं झालं होतं. आमची मोठी भाभी कराचीची. कोकणीच, तिचे आजोबा रत्नागिरीहून गेलेले. तिला ओसीआय कधीच मिळणार नाही, पाकिस्तानी नागरिकाला ते नाहीच. भाई सासरी जायचा तर व्हिसावर शहरांची नावं लिहिलेली, त्याबाहेर पाऊल नाही, आणि पोहोचल्यावर पोलिसांत नोंद. अटारी-वाघ्याला दोघं सामान ओढत चालत जायचे. एप्रिल २०२५ मध्ये अटारी बंद झालं. भाभीची आई अंथरुणाला आहे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दोघी सांदणांच्या पिठाबद्दल बोलतात, दुसरं काही बोलत नाहीत. नियम मला समजतात. पण म्हाताऱ्या आईला भेटण्यासाठी काहीतरी वाट असायला हवी, हे मी कुणाहीसमोर म्हणेन.

आंबेहळद :
खाडीकाठ, लिहिलंस ते फार बरं केलंस. भाभींना माझा सलाम सांग.

तिखटमीठ :
🙏 दुआ आहे आईंसाठी.

रानजाई२ :
आलो. पारोचं राहू दे आता. शेजारच्या मुलीसाठी कामाचं सांगतो : लग्नाचा दाखला नेहमी हातातल्या सामानात ठेवा. बायकोने आडनाव बदललेलं नाही, त्यामुळे मुलीला घेऊन ती एकटी निघाली की प्रश्न येतात. मुलीचा जन्मदाखला आणि माझं संमतीपत्र ती जवळ ठेवते. परदेशात दाखला दाखवायचा असेल तर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. वेळ लागतो, तिकिटाच्या आधी त्याच्या मागे लागा.

निळीशाई :
आंबेहळद, गोरखपूरला मुंबईहून कसे गेलात?

आंबेहळद :
कुशीनगर एक्सप्रेस, लोकमान्य टिळक टर्मिनसहून. भुसावळला नवऱ्याने केळी घेतली आणि अख्ख्या डब्याला वाटली.

तिखटमीठ :
भुसावळ माझं माहेर! स्टेशनवर सांगायचंत, डबा आणून दिला असता. शेवभाजी चालते का त्यांना?

आंबेहळद :
चालते म्हणजे काय, घाम पुसत पुसत खातो.

निळीशाई :
अजून एक. वहिनी आमच्याकडे साताऱ्याला महिनाभर राहणार आहे. हॉटेलात परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरतात ते ऐकलंय, घरी पण लागतो का?

पोळपाट :
हो, घरी उतरली तरी. २४ तासांत ऑनलाइन भरायचा, पासपोर्ट-व्हिसाची माहिती आणि फोटो लागतो. भावाला ती येण्याआधीच खातं उघडून ठेवायला सांग. माझा कुकर झाला, येते.