लहान सनदी लेखापाल फर्ममधील कर्मचाऱ्यांची पात्रता कशी पारखावी?

खजिनदार (प्रश्न):
नमस्कार. मी एका सेवाभावी संस्थेचा खजिनदार आहे. आमच्या हिशेबांची तपासणी दोन भागीदारांच्या एका लहान फर्मकडे सोपवावी, असा कार्यकारिणीचा विचार चालू आहे. पहिल्या भेटीत कळले की तेथे एकूण नऊ माणसे आहेत. त्यांपैकी सनदी लेखापाल (सीए) फक्त दोघे भागीदार, एक जण अंतिम परीक्षेचे काही विषय उत्तीर्ण झालेला, तिघे प्रशिक्षणार्थी आणि उरलेले तिघे अनुभवी वाणिज्य पदवीधर आहेत. आमच्या एका सदस्यांनी विचारले की नऊपैकी सात जण सनदी लेखापाल नसतील, तर आपले काम नेमके करणार कोण? मला या शंकेचे उत्तर देता आले नाही. अशी रचना काळजी करण्यासारखी आहे का, आणि फर्मला आम्ही काय विचारावे?

सनदी लेखापाल, लहान फर्मचा भागीदार:
आपण सांगितलेली रचना अगदी नेहमीची आहे. हा व्यवसाय पुस्तकाइतकाच हाताखाली काम करून शिकला जातो. भारतात जुलै २०२३पासून लागू झालेल्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधील सक्तीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, दोन वर्षांची आहे, तर इंग्लंड आणि वेल्सच्या सनदी लेखापाल संस्थेत ४५० दिवसांचा कार्यानुभव लागतो. म्हणजे ज्या फर्ममध्ये प्रशिक्षणार्थी नाहीत, तेथे उद्याचे लेखापालही घडत नाहीत.

मात्र आपल्या सदस्यांच्या प्रश्नात तथ्य आहे. तो फक्त थोडा वेगळा विचारायला हवा. कोणते काम कोण करतो आणि ते पुन्हा कोण तपासतो, हे विचारा. आपल्याच संस्थेचे उदाहरण घेऊ. एखाद्या देणगीदाराने ठरावीक प्रकल्पासाठी अनुदान दिले आणि वर्षअखेरीस त्यातील काही रक्कम शिल्लक राहिली. रक्कम बँकेत जमा झाली का, पावती फाडली का, खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) आहेत का, हे प्रशिक्षणार्थी उत्तम तपासू शकतो. परंतु ती शिल्लक या वर्षाचे उत्पन्न मानायची की पुढे न्यायची की देणगीदाराला परत करण्याचे दायित्व म्हणून दाखवायची, हे मंजुरीपत्रातील अटींवर अवलंबून असते. ते पत्र भागीदाराने स्वतः वाचले पाहिजे. तेथे चूक झाली, तर खालची सगळी टिकमार्कची मेहनत वाया जाते.

लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय नीतिसंहितेतही हेच अपेक्षित आहे: आपल्या अधिकाराखाली काम करणाऱ्यांना योग्य प्रशिक्षण आणि देखरेख मिळेल याची काळजी लेखापालाने घ्यायची असते. १५ डिसेंबर २०२२पासून लागू झालेले गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक १ हे तर लेखापरीक्षण करणाऱ्या लहान फर्मनाही वगळत नाही. फर्मच्या आकाराप्रमाणे व्यवस्था साधी असू शकते, पण ती असावीच लागते.

वरिष्ठ लेखा सहायक:
मी सनदी लेखापाल नाही, पण बावीस वर्षे एका लहान फर्ममध्ये हेच काम करते आहे, म्हणून त्या तीन पदवीधरांच्या बाजूने लिहावेसे वाटते. प्रशिक्षणार्थी मुदत संपली की जातात. अशिलाच्या हिशेबांची सलग माहिती आमच्यासारख्यांकडे राहते. कोणत्या शाखेची प्रमाणके उशिरा येतात, कोणते आगाऊ पैसे वर्षानुवर्षे वळते झालेले नाहीत, हे आम्हाला फाइल न उघडता आठवते.

याच अनुभवाचा धोकाही मी जवळून पाहिला आहे. एका वर्षी मी मागील वर्षाची फाइल समोर ठेवून घसारा (मालमत्तेची वर्षभरातील झीज) काढला आणि दर बदलल्याचे माझ्या लक्षातच आले नाही. भागीदारांनी ताळेबंद सही करण्यापूर्वी ते पकडले. त्या दिवसापासून नियम बदलले की आम्हाला कोण आणि केव्हा सांगणार, हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घेते. आपणही फर्मला हे अवश्य विचारा, कारण सनदी लेखापालांना त्यांची व्यावसायिक संस्था सतत शिक्षणाची सक्ती करते, पण आमच्या शिक्षणाची जबाबदारी फर्मने स्वतःहून घ्यावी लागते.

दुसऱ्या संस्थेचे लेखापरीक्षक:
एक मुद्दा जोडतो. निवृत्तिलाभांचे विमागणिती मूल्यांकन (पुढे द्याव्या लागणाऱ्या रकमांचा आजचा गणिती अंदाज) किंवा संगणक प्रणालीची तपासणी यांसारखे कौशल्य नऊ जणांच्या फर्ममध्ये नसणे, हा दोष नव्हे. लेखापरीक्षक बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेऊ शकतो; मात्र त्यामुळे हिशेबांवर मत देण्याची त्याची स्वतःची जबाबदारी कमी होत नाही. म्हणून भागीदारांना विचारा की आजवर कोणते काम त्यांनी नाकारले किंवा तज्ज्ञाकडे पाठवले. ज्याला आपली मर्यादा सांगता येते, त्याच्या बाकीच्या आश्वासनांवर मी अधिक विश्वास ठेवतो.

खजिनदार:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. मंजुरीपत्राचे उदाहरण मी कार्यकारिणीपुढे जसेच्या तसे ठेवणार आहे. एक शंका उरते. या फर्मने आमची हिशेबपुस्तके लिहून देण्याचीही तयारी दाखवली आहे. तेच कर्मचारी लिहितील आणि तेच तपासतील, असे होणार नाही ना?

सनदी लेखापाल, लहान फर्मचा भागीदार:
ही शंका फार महत्त्वाची आहे. आपणच केलेले काम आपणच तपासणे, हा नीतिसंहितेने स्पष्टपणे ओळखलेला धोका आहे, आणि लेखापरीक्षकाने अशिलाची पुस्तके लिहिण्यास काही देशांतील कायदे मनाईच करतात. जेथे मुभा आहे, तेथेही ते काम निर्णय घ्यावा न लागणाऱ्या साध्या नोंदींपुरतेच असावे आणि लिहिणारी माणसे तपासणीच्या चमूत नसावीत. नऊ जणांत असे दोन स्वतंत्र गट पाडणे अवघड असते. माझा सल्ला असा की पुस्तके आपल्या कर्मचाऱ्याकडून किंवा वेगळ्या फर्मकडून लिहून घ्यावीत आणि यांच्याकडे फक्त तपासणी द्यावी.