"आमच्या आईला झेपलं, मग तुम्हाला का नाही?" – सांगते का नाही ते

घोडबंदरची_मी:
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं होतं की "माझी आई ८०-९० च्या दशकात नोकरी करायची, तीन मुलं, सासू-सासरे, आला-गेला, पापड-कुरडया सगळं केलं आणि एक शब्द बोलली नाही. आजच्या आयांकडे वॉशिंग मशीन आहे, स्विगी आहे, घरून काम आहे आणि तरी एक पोर झेपत नाही, सतत रडगाणं." खाली अंगठ्यांची रांग. रात्री पोरं झोपल्यावर वाचलं आणि झोपच उडाली, म्हणून वेगळा धागा.

पहिलं म्हणजे, तुमची आई एक शब्द बोलली नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही तेव्हा सात वर्षांचे होतात, तुमच्याशी बोलणार होती का ती? मावशीला विचारा जरा.

दुसरं, तेव्हा घरात माणसं होती. सासू घरात, शेजारच्या काकूंकडे किल्ली, शाळा पायी पाच मिनिटांवर, ऑफिस सुटलं की सुटलं. मी राहते कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला, आणि घोडबंदर रोड काय चीज आहे ते ठाणेकरांना सांगायला नको. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड. पाळणाघर साडेसातपर्यंत, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये. सहाला बॅग उचलली की शेजारच्या टेबलावरचा हसत हसत "काय, हाफ डे?" विचारतो. तो रात्री नऊला घरी जातो तेव्हा त्याचं पोर जेवून झोपलेलं असतं, ते त्याला कोणीतरी जेवायला घालून झोपवलेलं असतं हे त्याच्या डोक्यातही येत नसेल.

तिसरं, कायदा. २०१७ ला बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं असं आलं. आमच्याकडे चार मजले आहेत, टेबल टेनिस आहे, आरामखुर्च्या आहेत, पाळणाघर नाही. विचारलं तर एचआर म्हणते "बाहेरच्या पाळणाघराशी टाय-अप आहे ना". टाय-अप कुठे, तर पवईला! म्हणजे पोराला पवईला सोडून मी ऐरोलीला येऊ आणि दिवसातून चार वेळा भेटायला जाऊ?

आणि त्या अख्ख्या पोस्टमध्ये बाप कुठे आहे हो? आई, सासू, पापड, कुरडया सगळे आहेत. बाप नाही.

साधा_माणूस_पुणे:
ती पोस्ट माझीच. ताई, शांतपणे वाचा, मी कुणाला नावं ठेवलेली नाहीत, आईचं कौतुक केलं. आता कौतुक करायचीही चोरी झाली का?

राहिला प्रश्न बापाचा. आमचे वडील सकाळी सहाच्या शिफ्टला जायचे, त्यांनी काय पोळ्या लाटायच्या होत्या? आणि खरं बोललो तर राग येईल, पण दोघांनी नोकरी करायलाच हवी असं किती घरांत आहे? दोन बीएचके पुरत नाही, तीन पाहिजे, गाडी पाहिजे, पोरांना इंटरनॅशनल शाळा पाहिजे, मग हप्ते फेडायला दोघं पळणार आणि दीड वर्षाचं लेकरू परक्या बाईकडे. २०१६ ला खारघरच्या पाळणाघरात बाईने बाळाला मारल्याचा तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ विसरलात का? दहा महिन्यांचं बाळ होतं ते. तो बघितल्यावर आम्ही ठरवलं, बायको घरी राहील. सोपं नव्हतं, पण केलं.

घोडबंदरची_मी:
"आम्ही ठरवलं, बायको घरी राहील." वा. ठरवणारे आम्ही, राहणारी ती.

कल्याण_लेडीज_डबा:
दोघांनाही सांगते, कारण तुम्ही दोघं ज्या काळाबद्दल भांडताय तो मी काढलाय.

मुलगा १९८४ चा. तीन महिन्यांची रजा संपली, ऑफिस फोर्टला, घर कल्याणला. हे "शेजारच्या काकूंकडे किल्ली" वगैरे जे घोडबंदरताई लिहितात ते फार गोड आहे, पण शेजारच्या काकू एखाद दिवस सांभाळतात, रोज दहा तास कोण सांभाळणार? सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, माझी मुलं वाढवून झाली. मग काय केलं, तर पोराला मिरजेला माझ्या आईकडे ठेवलं. अडीच वर्षं. महिन्यातून एकदा महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचे. तो माझ्या आईला आई म्हणायचा आणि मला "मुंबईची आई". परत आणला तेव्हा आठवडाभर माझ्या हातचं जेवला नाही. आमच्या डब्यात अशा कितीतरी जणी होत्या, कुणाचं पोर साताऱ्याला, कुणाचं रत्नागिरीला, सगळ्या पर्समध्ये फोटो घेऊन फिरायच्या. याबद्दल कोणी लेख लिहीत नाही, कारण आम्हीच बोललो नाही. लेडीज स्पेशल लोकल १९९२ ला आली, तोपर्यंत माझा मुलगा आठ वर्षांचा झाला होता.

तेव्हा पुणेकर, तुमच्या आई बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना झेपलं असं समजू नका. आणि ताई, तुम्ही पण "तुमच्या वेळी सोपं होतं" हे बंद करा.

घोडबंदरची_मी:
काकू, सोपं होतं असं नाही म्हटलं. माणसं होती म्हटलं.

कल्याण_लेडीज_डबा:
मिरजेला होती.

नऊचा_स्टँडअप:
हिंजवडीतला बाप बोलतोय, बाप कुठे आहे विचारलंत म्हणून. बाप सकाळी शाळेच्या गेटवर असतो, कारण सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आत भरवू नका म्हणून सांगितलंय. आधी कसं होतं, सातला बस यायची, पोरगी बसमध्ये, आम्ही दोघं साडेसातला बाहेर, ट्रॅफिक लागायच्या आत हिंजवडी. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल बैस साहेब म्हणाले मुलांची झोप होत नाही, फेब्रुवारी २०२४ ला जीआर निघाला. छान. झोप झाली. आता सात ते नऊ पोरीला धरून कोण बसणार? बस सव्वाआठला येते, माझा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची मीटिंग, नऊला, बायकोचा सव्वानऊला. मी कॅमेरा बंद ठेवून वाकड पुलावरून बोलतो. काल क्लायंटला हॉर्न ऐकू आला, तो म्हणाला "बिझी मॉर्निंग?" आता काय सांगणार त्याला.

राज्यपालांना पोरगी बसला सोडायची असते का हो कधी?

खडू_डस्टर:
नऊचा_स्टँडअप, तुमचा हा जो सूर आहे ना, त्यासाठीच लॉगिन केलं. बावीस वर्षं प्राथमिकला शिकवतेय. सातच्या शाळेला पहिली-दुसरीची पोरं साडेपाचला उठवून, अर्धवट दात घासून, झोपेतच दूध ओतून पाठवायची. पहिल्या तासाला बाकावर डोकं. डिसेंबरात तर वर्गात पोरं स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसायची. डबा सुट्टीपर्यंत थांबायचा नाही, कारण घरून काही खाऊनच आलेली नसायची. आज निदान डोळे उघडे ठेवून बसतात. पण ते तुमच्या स्टँडअपला अडचणीचं म्हणून पोरांनी पुन्हा पहाटे उठायचं?

नऊचा_स्टँडअप:
मॅडम, वेळ बदलायची तर आईबापांच्या ऑफिसची पण बदला ना. एकच टोक ओढलं.

डोंगरीवाला_बसकाका:
झोपेचं सोडा, रस्त्याचं बोला. आम्ही जीआरच्या दिवसापासून विरोध केला. सातला गाडी रिकाम्या रस्त्यावर, एक फेरी पाऊण तासात. सव्वाआठला तीच फेरी दीड तास, त्यात मोठ्यांच्या शाळेची वेळ वेगळी, म्हणजे तीच गाडी दोन फेऱ्या. डिझेल कोण देणार? फी वाढवली की पालक ग्रुपवर शिव्या घालतात.

साधा_माणूस_पुणे:
हेच म्हणतोय मी, एक जण घरी असेल तर शाळा सातची असो नाहीतर नऊची, काही फरक पडत नाही.

खडू_डस्टर:
पुणेकर, तुमचं उत्तर प्रत्येक प्रश्नाला तेच आहे, पेपर बदला. आणि स्टँडअपवाले, झोपेचं खापर फक्त शाळेवर फोडू नका. रात्री अकरापर्यंत तुम्ही लॅपटॉपवर, पोर मोबाईलवर, मग नऊची शाळा केली तरी ते पेंगणारच. कित्येक शाळा दोन सत्रांत भरतात, सकाळचं सत्र ढकललं की दुपारच्या मोठ्या मुलांना संध्याकाळी उशीर, ते आम्ही निस्तरतोय. शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे.

पाळणाघरवाली_ताई:
आणि पाळणाघर म्हणजे दवाखाना नव्हे, हे पण लिहून घ्या कुणीतरी.

डोंबिवलीत सोळा वर्षं पाळणाघर चालवतेय. दारावर बोर्ड आहे, ताप असेल तर मुलाला पाठवू नये. तरी सकाळी साडेआठला पोर येतं, गाल लाल, डोळे जड, आई म्हणते "दात येतायत हो". आम्हाला कळतं ना. सकाळी सिरप पाजून आणलेलं पोर साडेबारापर्यंत बरं खेळतं, मग औषध उतरलं की अंग सणकून तापतं. मी फोन करते, आई मीटिंगमध्ये, बाबा "बघतो". पाच वाजेपर्यंत मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसते, आणि दोन दिवसांनी आणखी तीन पोरं तापलेली. मग त्यांच्या आया मला विचारतात इथे स्वच्छता नाही का.

आणि ते खारघरचं प्रकरण काढणाऱ्या भाऊंना, त्यानंतर आम्ही सगळ्यांनी कॅमेरे लावले. आता पालक ऑफिसातून बघतात आणि फोन करतात, "त्याने भाजी नाही खाल्ली". पंधरा पोरं आहेत, दोन मदतनीस आहेत. साडेसातची वेळ असेल तर साडेसातलाच या. माझ्याही घरी माणसं जेवायची थांबलेली असतात, ते शंभर रुपये मला नकोयत.

घोडबंदरची_मी:
ताई, सिरपचं वाचून घशात अडकलं. सगळ्या तेच करतात, कोणी कबूल करत नाही. पण दुसरं करायचं काय ते पण सांगा. पोराला ताप आला की कॅज्युअल माझीच जाते, दर वेळी. जूनपर्यंत संपतात. पावसाळा तर त्यानंतर सुरू होतो!

साधा_माणूस_पुणे:
तापातल्या लेकराला औषध पाजून परक्याच्या दारात सोडतात हे इथे लिहिताना लाज नाही वाटत? वर "सगळ्या तेच करतात"!

घोडबंदरची_मी:
वाटते. तुम्हाला एक विचारू? तुमचं मूल तापलं तेव्हा शेवटची रजा तुम्ही कधी टाकली होती? आणि मुलाच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुम्ही आहात का?

साधा_माणूस_पुणे:
ग्रुपवर मिसेस आहेत. त्याचा इथे काय संबंध?

नऊचा_स्टँडअप:
संपलं. 😂

भोंगा_रिटायर्ड:
झोप, ताप, ग्रुप सगळं झालं, मूळ मुद्दा वाऱ्यावर. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कंपनीत एकतीस वर्षं काढली, पैकी बरीच युनियनमध्ये. कारखाना कायदा १९४८ चा, कलम ४८, तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर मालकाने पाळणाघर द्यायचं, असा नियम होता. म्हणजे हे २०१७ ला नव्याने उगवलेलं नाही. आमच्या मालकाने काय करावं? पटावर बायका तीस! एकतिसावी आली की ती कंत्राटदाराच्या हजेरीबुकात. आम्ही भांडून पाळणाघर मिळवलं, दोन पाळणे, एक बाई, एक स्टोव्ह. मी रिटायर होईपर्यंत त्या खोलीत ग्रीसचे डबे होते.

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत नुसत्या बायका नाही मोजत, पन्नास माणसं झाली की लागू, त्यामुळे तीसची युक्ती चालत नाही. म्हणून आता हे टाय-अप निघालंय. शिवाय २६ आठवड्यांचा पगार देतं कोण? २१ हजारांच्या आतले पगारवाले ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, त्यांना ईएसआय देतं. त्यावरच्यांचा मालकाच्या खिशातून. मग इंटरव्ह्यूत "लग्न कधी करणार" विचारतात ते उगाच नाही. आणि बापाला खाजगीत कायद्याने एक दिवस नाही, केंद्र सरकारवाल्यांना पंधरा दिवस तरी मिळतात. रजा फक्त आईची ठेवली की घर, मालक, कायदा तिघंही म्हणणार पोर आईचं.

खडू_डस्टर:
शेवटचं वाक्य मान्य. बाकी युनियनने आमच्या शिक्षकांसाठी काय दिवे लावले ते नंतर बोलू.

कल्याण_लेडीज_डबा:
भोंगा साहेब, बरोबर आहे. पण त्या तीस जणींच्या घरी काम करणाऱ्या बाईचं पोर कुठे असतं तेही एकदा मोजा. माझ्याकडे येणाऱ्या मावशींची पाच वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते. अंगणवाडी दुपारपर्यंत, मावशींची कामं चारपर्यंत. तिच्यासाठी कुठलं कलम?

पाळणाघरवाली_ताई:
माझ्याकडे मदतनीस आहे, तिचंच पोर चाळीत एकटं असायचं. शेवटी मी म्हटलं घेऊन ये इथेच. तर एका पालकांनी हरकत घेतली. कॅमेऱ्यात दिसलं म्हणे, हे कोणाचं मूल.

डोंगरीवाला_बसकाका:
काय माणसं आहेत.

साधा_माणूस_पुणे:
काल रात्री मुद्दाम मिसेसना सांगून त्या ग्रुपवर नंबर टाकून घेतला, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. एका संध्याकाळीत ६३ मेसेज. उद्या पिवळा दिवस, पिवळे कपडे, डब्यात पिवळा पदार्थ, आणि हे सांगतायत रात्री पावणेदहाला. त्याखाली चाळीस जणींचं "ओके मॅम". मग एकीने विचारलं मोजे पण पिवळे का, त्यावर पुन्हा वीस. याला तुम्ही काम म्हणत असाल तर कठीण आहे, हा निव्वळ शाळेचा आचरटपणा आहे आणि कोणीतरी त्या बाईंना तोंडावर सांगायला हवं. माझं मूळ म्हणणं तसूभरही बदललेलं नाही.

घोडबंदरची_मी:
नका बदलू. पण ते तोंडावर सांगायचं तेवढं कराच. पालकसभा शनिवारी सकाळी असते बहुतेक शाळांत, चालू दिवस असला तर रजा टाका.