कार्यालय असलेल्या जुन्या वास्तूचे पुन्हा घर करण्यासाठी मदत हवी आहे
शहराच्या जुन्या भागातील, दोन्ही बाजूंनी शेजारच्या घरांना लागून असलेली एक ऐतिहासिक वास्तू, जी नूतनीकरणानंतर कार्यालय म्हणून वापरात होती, ती कुटुंबासह राहण्यासाठी घेण्याचा आमचा विचार आहे. बाहेरून काम देखणे झाले आहे. मला चिंता आहे ती भिंतींच्या आतील स्थितीची. मूळ बांधकाम चुन्यातील असून तळमजल्यावर अलीकडे सिमेंटचा गिलावा केलेला दिसतो. अशा थरामुळे भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट अडते आणि ती भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचू शकते. लाकडातील आर्द्रता दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिल्यास ते कुजण्याचा धोका असतो. गिलावा न फोडता ही टोके कशी तपासून घ्यावीत? पुढे सिमेंट काढायचे ठरल्यास मूळ विटा शाबूत ठेवता येतात का?

स्वयंपाकघर आणि न्हाणीघरे एकाखाली एक घेतल्यास लाकडी मजल्यांना कमीत कमी छेद द्यावे लागतील, असे मला वाटते. वापरबदलाची आणि वारसा वास्तूची परवानगी यांपैकी आधी कोणती मागावी, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. नक्षीदार लाकडी जिना मात्र आम्हाला जसाच्या तसा ठेवायचा आहे.